येऊरच्या पायथ्याशी : डोंगरी वनस्पती आणि वाळवलेल्या नमुन्यांच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४, सोमवार

आज काम रीतसर सुरू झाले. आमच्या ठाण्यातील महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, तीन लोखंडी कपाटे आहेत आणि मागच्या आवारात, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून, जांभ्या दगडांचा एक उंच वाफा आहे. कपाटांत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत विभागातील शिक्षकांनी माहुली, माळशेज, नाणेघाट, हरिश्चंद्रगड आणि येऊर परिसरातून आणलेले वाळवलेले नमुने आहेत. वाफ्यात त्याच डोंगरांवरून निरनिराळ्या काळी आणलेले कंद आणि रोपे आहेत. दोन्हींची माणसे वेगळी, वह्या वेगळ्या, आणि वाफ्याची तर वहीच नाही. वाफ्यातल्या प्रत्येक झाडाला कपाटातल्या शीटशी, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदाशी, जोडता येते का, हे डिसेंबरपर्यंत तपासायचे, आणि ते करताना शीट वाचवायच्या, असे या प्रकल्पाचे स्वरूप आहे.

ही जोडणी मुळात तुटायलाच नको होती. सोळाव्या शतकात इटलीत पिसा येथे विद्यापीठाचे वनस्पती उद्यान ज्या लुका गिनी यांनी उभे केले, त्यांनाच वनस्पती दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ठेवण्याच्या पद्धतीचे श्रेय दिले जाते. उद्यान हिवाळ्यात झोपते आणि अभ्यास मात्र बारा महिने चालतो, ही त्यांची अडचण होती. आमची अडचण उलटी आहे, कारण आमच्या डोंगरी वनस्पती उन्हाळ्यात झोपतात आणि पावसाळ्यात, नेमक्या कागद ओले होण्याच्या दिवसांत, जाग्या होतात.

१४ जून, शुक्रवार

पहिले कपाट उघडले. खोली तळमजल्यावर आहे आणि तिच्या मागच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. कपाट भिंतीला टेकवून ठेवलेले होते, म्हणून आज प्रथम तिन्ही कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि खाली विटा लावल्या.

सोनकीच्या शीटवर मी बराच वेळ थांबले. पाने जशीच्या तशी होती, देठ होते, शिवणीचा दोरा होता, पण फुलांच्या जागी फक्त हिरवी पुष्पकोशाची वाटी उरली होती आणि आतला सगळा गाभा पोखरून गेला होता. शीट जरा तिरपी करताच वाटीतून हळदीसारखी बारीक भुकटी कागदावर सांडली. भिंगाखाली त्या भुकटीत विष्ठेचे कण आणि एक वाकलेली, पांढुरकी, केसाळ अळी दिसली. हा तंबाखूच्या साठ्यात होणारा भुंगेरा, लॅसिओडर्मा सेरिकोर्नी. प्रौढ भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, मान खाली घातलेला असतो आणि हात लावला की मेल्याचे सोंग घेतो. नुकसान त्याची अळी करते. सूर्यफुलाच्या कुळातील गच्च फुले तिला विशेष आवडतात, त्यामुळे सोनकीच्या गठ्ठ्याची अशी अवस्था झाली आहे. शेजारच्या गवतांच्या गठ्ठ्याला मात्र धक्का लागलेला नाही.

प्रत्येक खणात डांबरगोळ्या होत्या. इतकी वर्षे त्या टाकल्या म्हणजे काम झाले असे आम्ही धरून चाललो. डांबरगोळीच्या वासाने नवा किडा कदाचित दूर राहतो, पण फुलाच्या आत शिरून बसलेल्या अळीला त्या वासाने काही होत नाही. शिवाय बंद खोलीत तो वास दिवसभर घेणे माणसालाही बरे नाही.

१८ जून, मंगळवार

दुसऱ्या कपाटातील जुन्या शीटांवर कोपऱ्यात विषप्रक्रिया झाल्याचा शिक्का आहे. पूर्वी वाळलेला नमुना मर्क्युरिक क्लोराइड या पाऱ्याच्या विषारी क्षाराच्या अल्कोहोलमधील द्रावणात बुडवून मग चिकटवत असत. भारतातील बहुतेक जुन्या संग्रहांची ही रूढ पद्धत होती आणि ती प्रभावी होती, यात शंका नाही. पंचेचाळीस वर्षांच्या या शीटांवर एकही छिद्र नाही. पण पारा कागदात राहतो, त्याची वाफ बंद कपाटात साठते आणि कागदावर नमुन्याच्या आकाराची करडी-काळपट सावली उमटते. रिंगणीच्या एका शीटवर ही सावली इतकी स्पष्ट आहे की नमुना उचलला तरी कागदावर पानांचा ठसा राहील.

यापुढे हातमोज्यांशिवाय कोणीही या शीट हाताळणार नाही, कपाट उघडल्यावर खिडक्या आणि पंखा चालू ठेवून अर्धा तास बाहेर थांबायचे, आणि या खोलीत डबा खायचा नाही, असा नियम आज दारावर लावला. विद्यार्थ्यांना भीती वाटावी असा यात हेतू नाही. जुन्या संग्रहाशी कसे वागायचे हे शिकणे, हाही या विषयाच्या शिक्षणाचाच भाग आहे.

२१ जून, शुक्रवार

उणे २० अंशांपर्यंत जाणारा डीप फ्रीझर मिळाला. शीटांचे गठ्ठे दोन पुठ्ठ्यांत धरून जाड पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून बंद केले आणि पहिली खेप आत ठेवली. दहा दिवस ठेवणार आहोत, कारण अंडीसुद्धा मरायला हवीत आणि गठ्ठ्याच्या मधल्या शीटपर्यंत गारवा पोहोचायला वेळ लागतो.

यातला खरा धोका बाहेर काढताना असतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत गार गठ्ठ्याची पिशवी लगेच उघडली, तर फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर येते तसे दव कागदावर येईल आणि किडा मारून आपण बुरशीला आमंत्रण देऊ. म्हणून पिशवी चोवीस तास तशीच बंद ठेवून, तिचे तापमान खोलीइतके झाल्यावरच उघडायची.

३ जुलै, बुधवार

पाऊस नीट लागला आणि वाफा बोलू लागला. दीपकाडी, मुसळी, सापकांदा आणि दोन कुंड्यांतील वेली आठवड्यात वर आल्या. सात खुणेच्या काठ्यांपाशी मात्र काहीच उगवले नाही. माती हळूच बाजूला केली तेव्हा तीन ठिकाणी कंदाची कुजलेली, बोटाला चिकटणारी साल मिळाली.

याचे कारण माळीमामांशी बोलताना कळले. मार्च ते मे या काळात उन्हाने वाफा करपलेला दिसला म्हणून बदली कामगार रोज संध्याकाळी त्यावर पाइप धरत असे. त्याचा हेतू चांगलाच होता. परंतु सड्यावरच्या, म्हणजे डोंगरावरील सपाट कातळावरच्या, आणि कड्यावरच्या वनस्पतींचे सगळे आयुष्य चार महिन्यांत बसवलेले असते. जून ते सप्टेंबर त्या वाढतात, फुलतात, बी धरतात, आणि मग कोरड्या कातळाच्या फटीत कंदाच्या रूपाने आठ महिने पडून राहतात. या विश्रांतीत त्यांना मिळालेले पाणी त्यांच्या मुळावरच उठते.

डोंगरी वनस्पती सपाटीवरच्या उद्यानात जगवण्यात उंचीपेक्षा ही लय सांभाळणे अधिक अवघड आहे, असे माझे मत होत चालले आहे. उंचीचा प्रश्न आहेच. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे १,४२४ मीटरच्या हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर खाडीकाठच्या ठाण्यापेक्षा नऊ अंशांचा फरक पडतो, आणि रात्रीचा तो गारवा आम्ही कोठून आणणार? पण निचरा देता येतो. वाफ्यातील काळी माती काढून जांभ्याची खडी, जाड वाळू आणि थोडी पानमाती असे मिश्रण भरायला आज सुरुवात केली. मातीचा थर मुद्दाम वीतभरच ठेवला आहे, कारण सड्यावर तो त्याहूनही पातळ असतो.

मुसळीच्या निमित्ताने विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगितली, ती येथेही नोंदवते. औषधासाठी लागवड होणाऱ्या सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये ते दिले आणि त्यातले बोरिवली म्हणजे आमच्या समोरच्याच डोंगराची पलीकडची बाजू. नवीन जातीला नाव देताना एक वाळवलेला नमुना आधार म्हणून नेमून द्यावा लागतो आणि पुढे त्या नावाबद्दल वाद झाला, तर निवाडा त्या नमुन्याशी ताडून होतो. शेतात आज लाखो रोपे असली तरी नाव टांगलेले असते ते कपाटातल्या एका कागदावर.

१० जुलै, बुधवार

वाफ्यात ब्रह्मकमळ लावावे, असा आग्रह एका पालकांनी धरला आणि पान घेऊनही आले. घरोघरी रात्री फुलते ते ब्रह्मकमळ म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे निवडुंग. उत्तराखंडचे राज्यपुष्प असलेले ब्रह्मकमळ, सॉसुरिया ऑब्व्हॅलाटा, हे सूर्यफुलाच्या कुळातले असून हिमालयात साधारण चार हजार मीटर उंचीवर वाढते. ते ठाण्यात जगणार नाही. पान मी आदराने घेतले आणि कार्यालयाच्या व्हरांड्यात, खऱ्या नावाच्या पाटीसह, कुंडीत लावले. वाफ्यात मात्र सह्याद्रीखेरीज काही येणार नाही.

१९ जुलै, शुक्रवार

आज दिवसभर एकाच शीटवर काम झाले आणि तो दिवस सार्थकी लागला.

तिसऱ्या कपाटाच्या तळाच्या खणात ओल शिरली होती. तेथील एका शीटचा उजवीकडचा खालचा कोपरा, म्हणजे नेमकी लेबलाची जागा, कसरीने खाऊन टाकलेली होती. नमुना एका नाजूक वेलीचा, समोरासमोर पाने, दोन फुले, त्यांतले एक अर्धे. कोठून आणला, कधी, कोणी, काहीच नाही. असा नमुना म्हणजे पत्ता फाटलेले पत्र. त्यात वनस्पती आहे, पण ती कोणत्या डोंगरावर कोणत्या साली उभी होती हे सांगणारा कागद गेल्यावर तिचा पुरावा म्हणून उपयोग संपतो.

शीट बाजूला ठेवणार, एवढ्यात एका विद्यार्थिनीला देठाच्या खालच्या टोकाशी, पानाआड, दोऱ्याने बांधलेली सोनाराकडे दागिन्यांना असते तशी छोटी पुठ्ठ्याची चिठ्ठी दिसली. शिसपेन्सिलीने लिहिलेला आकडा होता, १३७. जे शिक्षक तेव्हा भटकंती करत, त्यांनी डोंगरावरच प्रत्येक नमुन्याला क्रमांक बांधला होता. शाईचे लेबल नंतर प्रयोगशाळेत लिहिले गेले आणि तेच खाल्ले गेले. पेन्सिल ओलीलाही पुरून उरली होती.

मग त्यांची क्षेत्रवही शोधली. ती हर्बेरियमच्या खोलीत नव्हती, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पेटाऱ्यात होती. १३७ पुढे त्यांच्या बारीक अक्षरात ओळ होती : २१ ऑगस्ट १९८३, नाणेघाट, घाटाच्या तोंडाजवळ कड्यालगत गवतात, वेल, खोड लवदार, फूल हिरवट पांढरे, आत जांभळे ठिपके, कंद उकरला नाही.

शेवटचे दोन-तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ज्या काळी कंदासकट झाड उपटून आणणे हाच पूर्ण नमुना मानला जाई, त्या काळी या माणसाने तो जमिनीत ठेवला आणि ठेवला हेही लिहून ठेवले. वहीवरून नवे लेबल तयार केले आणि त्यावर ‘मूळ लेबल नष्ट, क्षेत्रवहीवरून पुन्हा लिहिले’ असे तारखेसह नमूद केले. उरलेला खाल्लेला तुकडाही लहान पाकिटात घालून त्याच शीटला जोडला आहे. जुने काहीच फेकायचे नाही आणि कोणाच्या जुन्या ओळखीवर रेघ मारायची नाही, नवे मत वेगळ्या चिठ्ठीवर नाव-तारखेसह लावायचे, हा हर्बेरियमचा संकेत आहे.

६ ऑगस्ट, मंगळवार

दोन कुंड्यांपैकी एका वेलीला आज कंदीलपुष्प उमलले. सेरोपेजियाची फुले पाहणाऱ्याला कंदीलच आठवतो. तळाशी फुगीर, वर अरुंद नळी, आणि पाकळ्यांची टोके माथ्यावर जुळून तयार झालेला पिंजरा. नळीच्या आत खाली झुकलेले केस असतात. वासाने आलेली चिमुकली माशी आत सरकते, परत वर येऊ शकत नाही, आणि केस कोमेजल्यावर सुटते तेव्हा तिच्या अंगाला परागपुंज चिकटलेला असतो.

मनात आशा होती की ही एखादी दुर्मीळ जात निघेल, कारण सेरोपेजियाच्या काही जाती सह्याद्रीतील मोजक्याच कड्यांवर आहेत. ती निघाली सेरोपेजिया हिरसुटा, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सापडणारी, खोडावर दाट लव असलेली. १३७ क्रमांकाचा नमुनाही तीच जात आहे. दोन्ही ताडून पाहता आले याचे समाधान आहे. पण कुंडीतली वेल नाणेघाटची आहे असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरला. कुंडीला क्रमांक नाही. नोंदीत ‘मूळ स्थान अज्ञात’ असेच लिहिले.

या फुलाची शीट करण्यात एक अडचण आहे, दाबले की कंदिलाचा कागद होतो. म्हणून एक फूल दाबून, एक उभे चिरून उघडून टिपकागदावर, आणि एक फॉर्मालिन, असेटिक आम्ल व अल्कोहोल यांच्या मिश्रणात बाटलीत, असे तीन प्रकारे ठेवले आणि तिन्हींना एकच क्रमांक दिला. रंग आजच लिहून ठेवला. वाळल्यावर तो राहत नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

एका गिर्यारोहक गटाची मंडळी आली होती. आमच्या वाफ्यातील शिंदळ माकुडीच्या काड्या नेऊन एका गडावर लावाव्यात, असा त्यांचा विचार होता. शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १८६५ मध्ये जगासमोर आणली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला दिले. आता तिला बूसेरोसिया वंशात घालतात. जुन्नरजवळच्या शिवनेरीसारख्या मोजक्या कड्यांवरच ती आहे आणि पावसाळ्यात तिच्या मांसल खोडाला पाने व तारकेसारखी गर्द किरमिजी फुले येतात. तिच्यावर प्रेम करणारी माणसे आहेत याचा मला आनंद आहे.

तरीही मी नकार दिला. आमची सगळी झाडे एकाच कुंडीतून काड्या तोडून वाढवलेली आहेत, म्हणजे दिसायला वीस असली तरी वंशाने एकच. ते एक झाड कोणत्या कड्यावरचे, याची नोंद कोणाकडेच नाही. एका गडाचे झाड दुसऱ्या गडावर लावले, तर तेथे हजारो वर्षे टिकून असलेल्या झाडांत आपण परकी भर घालतो आणि पुढच्या अभ्यासकाला चुकीचा पुरावा देतो. मंडळी थोडी नाराज झाली. ‘मग ही झाडे कशासाठी ठेवली आहेत?’ असे त्यांच्यातील एका काकांनी विचारले. प्रश्न योग्य होता. ती शिकवण्यासाठी, फुलोऱ्याचा अभ्यास करण्यासाठी आणि लोकांना दाखवण्यासाठी आहेत, डोंगरावर परतवण्यासाठी नाहीत, असे सांगितले. परतवण्यासाठी कड्याचे नाव माहीत असलेली, निरनिराळ्या झाडांच्या बियांपासून वाढवलेली रोपे लागतात. तसे काम वन विभागाच्या परवानगीने आणि त्या विषयातील संस्थांबरोबरच व्हायला हवे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने सेरोपेजियांच्या संवर्धनात ते अनेक वर्षे करून दाखवले आहे.

याच झाडाची शीट करताना काडी आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढली. न बुडवता दाबलेली मांसल खोडे नमुने दाबण्याच्या प्रेसमध्येही आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात आणि पाने गाळत बसतात.

५ सप्टेंबर, गुरुवार

खोलीतील आर्द्रता आज ८४ टक्के. पासष्टच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो. गणपतीच्या सुट्टीत वीज बंद करू नये, आर्द्रता शोषणारे यंत्र चालू राहावे, अशी लेखी विनंती कार्यालयाला दिली. प्रेसमधील कागद सध्या दिवसातून दोनदा बदलावे लागत आहेत. ओले कागद बल्बच्या पेटीत वाळवून पुन्हा वापरतो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

येऊरला कारवी फुलली आहे. आमच्या या डोंगररांगेत ती आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलते आणि बी धरून मरते. कपाटात कारवीच्या, म्हणजे स्ट्रोबिलँथस कॅलोसाच्या, फुलांसह दोनच शीट आहेत, एक २००८ ची आणि दुसरी २०१६ ची, आणि मधल्या वर्षांच्या सगळ्या शीट नुसत्या खरखरीत पानांच्या. तारखांचे रकाने एकाखाली एक ठेवले की झाडाचे घड्याळ दिसते. म्हणून २०२४ ची शीट चुकवून चालणार नव्हते.

परवानगीपत्र हाती होते. एका झुडपाची एकच फांदी घेतली. वाटेवर भेटलेल्या पाड्यावरच्या आजींनी कारवीच्या कुडाबद्दल सांगितले : काठ्या फुलोऱ्यानंतर वाळलेल्या घ्यायच्या, शेणमातीने लिंपायच्या, घर गार राहते. हा वापर त्यांच्या संमतीने लेबलावर लिहिला. फांदी लांब होती, म्हणून इंग्रजी एन अक्षरासारखी दुमडून ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या शीटमध्ये बसवली. एक पान पालथे ठेवले, म्हणजे पुढे कोणाला दोन्ही बाजू पाहायला मिळतील. जांभळा रंग दुसऱ्या दिवशीच तपकिरी झाला.

९ ऑक्टोबर, बुधवार

छायाचित्रणाचे काम संपत आले. प्रत्येक शीटशेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवली आहे. ज्या जाती मोजक्या कड्यांवर आहेत, त्यांचे नेमके ठिकाण सार्वजनिक नोंदीत तालुक्यापुरतेच द्यायचे ठरवले, कारण कंद उकरून नेणारेही या नोंदी वाचतात. कारवीची दुसरी प्रत पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राकडे पाठवण्यासाठी बांधली. एका इमारतीतल्या एका ओल्या भिंतीवर सगळा भरवसा ठेवू नये.

वाफ्यातील चौतीस झाडांपैकी अकरांना शीट आणि वहीचा आधार मिळाला. उरलेल्या तेवीसांच्या पाटीवर ‘मूळ स्थान अज्ञात’ असे ठळक लिहिले. आजपासून वाफ्याचे पाणी बंद. नळाला कुलूप लावून किल्ली माळीमामांकडे दिली आणि पाटीवर पुढची पाणी देण्याची तारीख लिहिली : पहिला पाऊस.